नाव दिलेले किती, येणारे किती? व्यावसायिक गटाच्या स्नेहमेळाव्यासाठी हजेरीचा अंदाज कसा बांधावा

९० जणांनी नाव दिलं म्हणून ९० जणांचं जेवण सांगून मोकळं होऊ नका. प्रवेश मोफत असेल, तर नाव दिलेल्यांपैकी तिसरा हिस्सा न येणं ही नेहमीची गोष्ट आहे. थोडं का होईना, आगाऊ शुल्क घेतलं की गळती बरीच कमी होते.

१. तारीख
चार आठवडे आधी ठरवा. सुट्ट्या तर बघाच, पण सभासदांच्या कामाचं वेळापत्रकही बघा. विक्रीतली माणसं महिनाअखेरीस अडकलेली असतात आणि करसल्लागार विवरणपत्रांच्या मुदतीच्या आठवड्यात फोनही उचलत नाहीत.

२. निमंत्रण
वार, तारीख, ठिकाण, शुल्क, नाव देण्याची शेवटची तारीख आणि सुरू होण्याची व संपण्याची वेळ. यातली संपण्याची वेळ हमखास राहून जाते. ऑफिसातून परस्पर येणारा माणूस घरी कधी पोहोचणार याचा हिशेब करूनच होकार देतो.

३. नोंदणी
व्हॉट्सॲप ग्रुपवरचा अंगठा म्हणजे नोंदणी नव्हे. ‘वाचलं’ म्हणूनही लोक अंगठा देतात. छोटा फॉर्म ठेवा: नाव, फोन, व्यवसाय, सोबत कोणी येणार का, खाण्याचं काही पथ्य. उत्तरं दोनच, ‘येणार’ आणि ‘येणार नाही’. ‘बघतो’ हा पर्याय दिलात की बरेच जण तिथेच जाऊन बसतात आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. नाव मागे घेण्याची सोयही तितकीच सोपी हवी. ती अवघड असली की लोक न कळवताच गैरहजर राहतात.

४. आकडा काढणे
सगळ्यांना एकच टक्का लावला की अंदाज चुकतो. यादीचे तीन भाग करा. समजा, ९० नावांत ४० नियमित येणारे, ३० अधूनमधून येणारे आणि २० नवे किंवा पाहुणे आहेत. सुरुवातीला अनुक्रमे ८५, ६० आणि ५० टक्के धरा: ३४ अधिक १८ अधिक १०, म्हणजे ६२.

आता या आकड्याचे दोन उपयोग वेगळे ठेवा. केटररला हमीचा आकडा ६० सांगा, कारण हमी दिल्यावर ताटं कमी करता येत नाहीत, पण पाच-सात वाढवून बहुधा मिळतात. किती वाढवता येतील आणि कधीपर्यंत, हे आधीच विचारून घ्या. जागा मात्र ७५ जणांना पुरेल अशी बघा. फार मोठं सभागृह घेऊ नका; माणसं कोपऱ्याकोपऱ्यांत विखुरतात आणि ओळखी होतच नाहीत, ज्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

नाव देण्याची मुदत केटररच्या मुदतीच्या दोन दिवस आधी संपवा. उशिरा कळवणारे त्या दोन दिवसांत कळवतात.

५. आठवण
तीन दिवस आधी एक संदेश आणि मेळाव्याच्या दिवशी सकाळी दुसरा, ठिकाणाच्या नकाशासह. याहून जास्त नको. नव्या माणसांना मात्र संदेशावर सोडू नका, फोन करा. ‘तिथे ओळखीचं कोणी नसेल’ या धास्तीनेच ती ऐन वेळी मागे फिरतात. ‘दाराशी अमुक जण तुमची वाट बघतील’ एवढं सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो. दर चार-पाच नव्या माणसांमागे एक जुना सभासद नेमा आणि त्याला नावं आधीच देऊन ठेवा.

६. दारावरची नोंद
छापील यादी घेऊन एक जण पहिला तासभर दाराशी बसवा. आलेल्यांवर खूण करा आणि न सांगता आलेल्यांची नावं खाली लिहा. दुसऱ्या दिवशी तिन्ही भागांत किती नावं होती, किती आले, वार कोणता, शुल्क होतं की नाही, एवढं एका तक्त्यात भरा. तीन-चार मेळाव्यांनंतर वरचे ८५-६०-५० खोडून तिथे तुमच्या गटाचे आकडे घाला.