टाइट की लूज? फ्रेम करताना आणि क्रॉप करताना या चुका टाळा

शिकायला येणाऱ्यांचे फोटो तपासताना मी आधी चारही कडा बघतो. मधला भाग बहुतेक वेळा ठीकच असतो. चेहरा शार्प, प्रकाश बरा. आणि मग डावीकडे कुणाचं तरी अर्धं कोपर लटकत असतं, खाली पावलं छाटलेली असतात, डोक्यावर मैदानभर आकाश. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, ते नंतर क्रॉप करणार होतो." क्रॉप म्हणजे काढून झालेल्या चित्राच्या कडा कापणं. टाइट म्हणजे कडा विषयाला भिडलेली फ्रेम, लूज म्हणजे भोवती जागा सोडलेली. तेच उत्तर ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

कडेला कड लावून काढलेला गट फोटो

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलेन. सुरुवातीच्या काळात एका कार्यालयातल्या निरोप समारंभाचा गट फोटो काढला होता. तीन रांगा, मागच्या रांगेत 14 जण. 'फ्रेम भरा' हे नुकतंच शिकलो होतो, तेव्हा भरली. डावीकडच्याचा खांदा डाव्या कडेला टेकलेला, उजवीकडच्याचा उजव्या. स्क्रीनवर बघून खूशही झालो, म्हटलं जागा जराही वाया गेली नाही.

चार दिवसांनी फोन आला. त्यांनी भिंतीवरची फ्रेम आधीच विकत आणली होती, 8×10 इंचांची, आणि प्रिंटही परस्पर काढून घेतली होती. आता हिशेब बघा. माझ्या कॅमेऱ्याचं चित्र 3:2 मापाचं, म्हणजे उंची 8 इंच धरली तर रुंदी 12 इंच. कागद 10 इंचांचा. जास्तीचे 2 इंच मशीनने दोन्ही बाजूंनी एकेक करून कापले. 12 इंचांत 14 माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतील तर एकाच्या वाट्याला इंचभरही जागा येत नाही. म्हणजे दोन्ही टोकांचा एकेक माणूस सबंध गेला. उजव्या टोकाला होते तिथले सर्वांत जुने शिपाई. फोटो भिंतीवर लागल्यावर ते बराच वेळ त्यात स्वतःला शोधत होते, असं मला फोनवर सांगितलं गेलं. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मूळ फाइल होती म्हणून निस्तरता आलं. पूर्ण चित्र 10 इंच रुंदीत बसवलं, वर-खाली पांढऱ्या पट्ट्या सोडल्या. देखणं नव्हतं, पण माणसं परत आली.

तेव्हापासून गट फोटोला माझी सवय एकच. मनासारखी फ्रेम जमली की दोन पावलं मागे सरकतो आणि मगच बटण दाबतो. शिवाय आधीच विचारून घेतो, प्रिंट कोणत्या मापाची हवी? 3:2 चं चित्र 4×6, 8×12, 12×18 वर जसंच्या तसं बसतं. 5×7 आणि 8×10 वर दोन्ही टोकं जातात. फोनचं चित्र बहुधा 4:3 असतं, त्याचं दुखणं वेगळं. 4×6 वर ते वरून-खालून कापलं जातं, म्हणजे कुणाचं तरी डोकं नाहीतर पाय. कॅनव्हासवर छापून लाकडी चौकटीवर ताणायचं असेल तर कडेची पट्टी चौकटीच्या जाडीवर वळते, तिथे आणखी जागा लागते.

"आता सॉफ्टवेअर कडेचं चित्र भरून देतं की", असं कुणीतरी म्हणणारच. देतं. भिंत देतं, गवत देतं, ढग तर झकास देतं. पण छाटलेल्या माणसाचा खांदा आणि कान ते मनाने बनवतं, आणि ते त्या माणसाचे नसतात. मी वापरत नाही.

"नंतर क्रॉप करू"

वरचं वाचून 'मग नेहमी लांबूनच काढावं' असा अर्थ काढणारे भेटतात. दोन पावलं म्हणजे दोनच पावलं. विषय फ्रेममध्ये मुंगीएवढा ठेवून, घरी गेल्यावर काय कापायचं ते ठरवू म्हणणं हा वेगळा प्रकार आहे. त्याला मी आळस म्हणतो.

आधी आकडे. 24 मेगापिक्सेलचं चित्र म्हणजे 6000×4000 पिक्सेल, म्हणजे तेवढे बारीक ठिपके. त्याची रुंदी-उंची निम्मी केली तर 3000×2000 उरतं, म्हणजे 6 मेगापिक्सेल. अर्ध्यावर आलो असं वाटतं, प्रत्यक्षात पाव उरलेलं असतं. 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, जी प्रिंट 20 इंच रुंद झाली असती ती 10 इंचांवर येते. तरी हे नुकसान चालवून घेता येईल. पण तेवढ्याच आकारात छापायचं म्हटलं तर हाताचा कंप, नॉइज (चित्रातला रवाळपणा), फोकसची बारीकशी चूक, सगळंच दुप्पट मोठं होऊन समोर येतं. फोनमधला डिजिटल झूम म्हणजे हीच कापाकापी, फक्त फोटो काढायच्या आधी केलेली.

आणि मुख्य गोष्ट पिक्सेलची नाहीच. चित्रातला पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या गोष्टी एकमेकांच्या तुलनेत किती मोठ्या दिसतात ते, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतो. 20 फुटांवरून काढून चेहऱ्यापुरता कापलेला फोटो हा 20 फुटांवरूनच बघितलेला चेहरा असतो: नाक, गाल, कान एका पातळीत आल्यासारखे, जरा सपाट. पाच-सहा फुटांवर गेलात की तोच चेहरा उठून येतो. उलट फोन घेऊन हातभर अंतरावर घुसलात की नाक फुगतं आणि कान मागे पळतात. तेही क्रॉपने सुधारत नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी पाय, मग झूम, सगळ्यात शेवटी क्रॉप. नवशिके नेमके उलटे जातात, कारण क्रॉप करायला उठावं लागत नाही.

इथे युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापाचं ते वाक्य कुणीतरी तोंडावर मारतंच: फोटो पुरेसे चांगले नसतील तर तुम्ही पुरेसे जवळ गेलेला नाहीत. बरोबर आहे. पण हे म्हणणारा माणूस 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिकांबरोबर पाण्यात उतरला होता. त्याचं 'जवळ' म्हणजे घरी बसून स्लायडर ओढणं नव्हे.

क्रॉपच्या बाजूने दिला जाणारा दुसरा दाखला क्रांतिकारक चे गव्हेराच्या प्रसिद्ध फोटोचा. तो क्रॉपच आहे, हे खरं. छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्डाने 5 मार्च 1960 रोजी क्यूबाच्या हवानात काढलेल्या मूळ आडव्या फ्रेममध्ये एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आहे, दुसऱ्या बाजूला ताडाची पानं. दोन्ही काढून टाकल्यावर जगाला माहीत असलेलं चित्र उरलं. क्रॉपला नाक मुरडणाऱ्या फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्टियर-ब्रेसाँचाही 1932 मधला, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो कापलेला आहे. कुंपणाच्या फटीतून काढताना फळी मध्ये आली होती. पण दोघांनीही अडथळा कापला. ती नजर आणि ती उडी बटण दाबतानाच मिळालेली होती. तुमच्या फोटोत काय मिळालं आहे ते बघा, मग कोर्डाचं नाव घ्या.

लूज ठेवलेल्या जागेचीही एक परीक्षा मी घेतो. रिकाम्या भागावर अंगठा ठेवायचा. चित्रातलं काही हरवल्यासारखं वाटलं तर जागा कामाची. काहीच फरक पडला नाही तर ती नुसती उरलेली जागा.

बाकीच्या, पटापट

सांध्यावर कापू नका. गुडघा, मनगट, घोटा, कोपर यांवर कड आली की अवयव तुटल्यासारखा दिसतो. मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापा. बोटांची फक्त टोकं छाटणं तर सर्वांत वाईट.

टाइट क्लोज-अपमध्ये कपाळ कापलं तर चालतं. हनुवटी नाही.

माणूस जिकडे बघतोय किंवा धावतोय तिकडे जागा सोडा. पाठीमागे सोडलेली जागा त्याच्या उपयोगाची नसते.

वाकडा काढून नंतर सरळ करणं फुकट नसतं. 3:2 चं चित्र 3 अंश फिरवून त्याच मापात ठेवलं की सुमारे 14 टक्के क्षेत्रफळ जातं, 5 अंशांना 21 टक्के. मुळात टाइट काढलं असेल तर गेलेलं ते कुणाचं तरी पाऊल असतं.

साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, बऱ्याचदा फ्रेमचा 95 टक्क्यांच्या आसपासच भाग दाखवतो. कडेला अचानक उगवलेली कचऱ्याची बादली तिथून येते. एक फोटो काढून स्क्रीनवर कडा तपासा.

स्क्रीनशॉट काढून क्रॉप करणारे लोक आहेत, आणि ते कमी नाहीत. 12 मेगापिक्सेलचा आडवा फोटो 1080 पिक्सेल रुंदीच्या उभ्या स्क्रीनवर बघून स्क्रीनशॉट काढला, की हातात नऊ लाख पिक्सेलसुद्धा राहत नाहीत. मग हेच लोक विचारतात, प्रिंट धूसर का आली.

आणि कापलेली फाइल मूळ फाइलवर सेव्ह करू नका. निरोप समारंभाची ती फाइल माझ्याकडे अजून आहे. मध्यंतरी उघडून उजवी कड मोठी करून बघितली. शिपाईकाकांचा खांदा आणि फ्रेमची कड यांत मोजून 11 पिक्सेल होते.