गिटारवर सिंथचा लीड: पिकचा टक् घालवा, पायाला काम द्या

आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला एकच. डाव्या हाताला स्ट्रिंग्ज, उजव्याला ब्रास, आणि मध्येच सिंथचा (सिंथेसायझरचा) पीस आला की तो मान वळवून माझ्याकडे बघतो. मग तो पीस गिटारवर काढायचा, तोही असा की समोरच्याला गिटार ऐकूच येऊ नये. हे कसं जमवायचं ते खाली सांगतोय. माझ्याकडे लाइन ६ चा एचएक्स स्टॉम्प हा इफेक्ट प्रोसेसर आहे, पण बॉस, झूम, काहीही असलं तरी चालेल. ब्लॉकची, म्हणजे त्यातल्या एकेका इफेक्टची, नावं बदलतील एवढंच.

प्रोसेसरमध्ये ‘सिंथ’ नावाचे तयार पॅच असतात. लावून बघा. पहिला स्वर ऐकून खूश व्हाल, आणि तिसऱ्या-चौथ्या स्वराला कळेल की वाजवणारा गिटारवालाच आहे. प्रत्येक स्वरावर पिकचा टक् येतो, स्वर लगेच पडायला लागतो आणि व्हायब्रॅटो गिटारचाच लागतो. सिंथवाल्याचा उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा पिच व मॉड्युलेशनच्या चाकांवर असतो. त्याचं सगळं ‘बोलणं’ त्या डाव्या हातात. आपले दोन्ही हात तारांवर अडकलेले, म्हणून चाकांचं काम पायाकडे द्यायचं. तयार पॅचमध्ये नेमकं हेच नसतं.

आधी गिटारकडे बघू. नेक पिकअप लावा, टोनची नॉब पूर्ण खाली. हंबकर असेल तर उत्तम, पुढे फझ (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लागणार आहे आणि सिंगल कॉइलची घरघर त्यात दुप्पट होते. पिक ब्रिजजवळ मारू नका, फ्रेटबोर्डच्या टोकाकडे या. सातव्या फ्रेटवर स्वर धरला असेल तर तारेचा मध्य एकोणिसाव्या फ्रेटवर येतो. तिथे छेडलं की सम हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर) जवळजवळ गायब होतात आणि स्वर बासरीसारखा गोल येतो. पिकचं टोक न वापरता पिकच्या खांद्याची गोल बाजू वापरा, नाहीतर सरळ अंगठा.

एका वेळी एकच तार वाजली पाहिजे. जाड तारा उजव्या तळव्याखाली, बारीक तारा डाव्या तर्जनीखाली दाबून ठेवा. नटजवळ वेणीचा जाड रबर अडकवला की मोकळ्या तारा गुणगुणत नाहीत. घरात कोणाकडे तरी असतोच.

आता आवाज बनवायचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता सिंथ ब्लॉकचा. स्टॉम्पमध्ये ३ ओएससी सिंथ आहे. तो तुमचा स्वर ओळखतो आणि स्वतःचे ऑसिलेटर (आवाजाची लाट तयार करणारे भाग) त्या स्वरावर वाजवतो. (४ ओएससी जनरेटर घेऊ नका, त्याला तुमच्या गिटारशी देणंघेणं नाही, तो आपला तंबोरा धरून बसतो.) स्वर ओळखायला तारेची एक-दोन कंपनं तरी पूर्ण व्हावी लागतात. जाड ई तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झ, म्हणजे एका कंपनाला १२ मिलिसेकंद. पहिल्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर ४४० हर्ट्झ, म्हणजे जेमतेम २.३. म्हणून खालच्या तारांवर सिंथ मागे पडल्यासारखा वाटतो आणि वर तो बोटाबरोबर येतो. लीड तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटपासून वरच ठेवा. दोन तारा एकदम वाजल्या की ब्लॉक गुळण्या करायला लागतो, तेव्हा वरचा रबर इथे सगळ्यात जास्त कामाला येतो.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: फझ आणि फिल्टर. इथे स्वर ओळखायची भानगडच नाही, त्यामुळे उशीर नाही आणि मींड तुटत नाही. फझ तारेची लाट वरून-खालून इतकी कापतो की ती जवळजवळ चौकोनी होते. जुन्या सिंथमध्येही कच्चा माल हाच असतो, चौकोनी नाहीतर करवतीच्या दात्यांसारखी लाट, आणि पुढे फिल्टर ती तासतो.

साखळी अशी: नॉइज गेट, कॉम्प्रेसर, फझ, पिच, फिल्टर, व्हायब्रॅटो, डिले, रिव्हर्ब. अँप आणि कॅबिनेट दोन्ही बंद. कॅबिनेट काढल्यावर फझ किरकिरतो, म्हणून शेवटी ईक्यूमध्ये ४ किलोहर्ट्झच्या आसपास हाय-कट लावा, म्हणजे त्यावरचा आवाज कापला जातो.

कॉम्प्रेसर ४:१, फझचा गेन अर्ध्याच्या थोडा वर. पूर्ण उघडलात तर नुसता गोंगाट. गेट हलका ठेवा, नाहीतर लांब स्वराची शेपटी कात्रीने कापल्यासारखी जाते. पिच ब्लॉकमध्ये एक ऑक्टेव्ह वर घ्या आणि मूळ आवाजाच्या निम्म्या पातळीवर मिसळा. चौकोनी लाटेत फक्त विषम हार्मोनिक असतात. वरचा ऑक्टेव्ह सम हार्मोनिक भरून काढतो आणि आवाज करवती लाटेकडे झुकतो, जास्त पितळी होतो. ब्लॉकमध्ये दुसऱ्या आवाजाची सोय असेल तर तो ७-८ सेंट डीट्यून करा, म्हणजे सुरापासून जरासा सरकवा (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). मिनीमूग या जुन्या सिंथमध्ये तीन ऑसिलेटर असतात आणि ते एकमेकांपासून जरासे सुटे ठेवले की आवाज जाड होतो, तीच युक्ती. यापेक्षा जास्त डीट्यून केलं तर मींड नेमकी कुठे पोचली तेच कळत नाही.

फिल्टर म्हणून लो-पास (ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या वरचा आवाज अडवणारा) घ्या, रेझोनन्स ३५ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या प्रोसेसरमध्ये असा फिल्टर नसेल तर वाह वापरा, फक्त फझच्या नंतर लावा. रॉकवाले वाह बहुधा आधी लावतात. नंतर लावला की तोच वाह सिंथच्या फिल्टरसारखा उघडतो. मिक्स ७० टक्के ठेवा म्हणजे बूड जात नाही.

आता एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायाने पुढे-मागे झुकवायचं पेडल. स्टॉम्पमध्ये त्या पॅरामीटरची नॉब दाबून धरली की कंट्रोलर असाइनचं पान उघडतं. फिल्टरची फ्रीक्वेन्सी पेडलवर द्या: टाच खाली असताना ७०० हर्ट्झ, चवडा खाली असताना ३ किलोहर्ट्झ. टाचेला ७०० च्या खाली नेऊ नका. पहिल्या तारेच्या बाराव्या फ्रेटचा मूळ स्वरच ६५९ हर्ट्झचा आहे, फिल्टर त्याखाली गेला की स्वर गुदमरतो आणि भर शोमध्ये तुम्हाला वाटतं केबल गेली. त्याच पेडलवर व्हायब्रॅटोची डेप्थही द्या: टाचेला शून्य, चवड्याला २५ टक्के. रेट ५.५ हर्ट्झ, तो हलवायचा नाही.

एकाच पेडलवर दोन गोष्टी का? सिंथवाला लांब स्वर धरतो, तो आधी सरळ असतो, मग उजळत जातो आणि शेवटी थरथरतो. गायकाचंही तसंच. एका पायाने दोन्ही एकदम वाढले की तो चढ आपोआप येतो.

व्हायब्रॅटो बोटाने का नाही, हे नीट समजून घ्या, कारण पकडले जाता ते इथेच. तार ताणून केलेला व्हायब्रॅटो स्वराच्या फक्त वर जातो आणि परत स्वरावर येतो. सिंथचा व्हायब्रॅटो स्वराच्या वर आणि खाली सारखाच झुलतो. कानाला कारण सांगता येत नाही, पण फरक लगेच कळतो. म्हणून पेडल पुढे गेला की डावं बोट दगडासारखं स्थिर. दोन्ही एकदम केलेत तर दोन थरथरी एकमेकींत भांडतात. गिटारला ट्रेमोलो आर्म असेल आणि तो दोन्ही बाजूंना हलत असेल तर तो चालेल.

आता पिकचा टक्. ऑटो-स्वेल किंवा बॉसमध्ये स्लो गिअर नावाचा इफेक्ट असतो, तो कॉम्प्रेसरच्या आधी लावून स्वराचं तोंड ३० मिलिसेकंद घासायचं. शंभरच्या पुढे गेलात तर व्हायोलिन होतं आणि जलद ताना गिळल्या जातात. पण खरा उपाय हातात आहे: ओळीतला पहिलाच स्वर पिकने, बाकी हॅमर-ऑन, पुल-ऑफ आणि स्लाइडने. मिनीमूगवर एक पट्टी दाबलेली असताना दुसरी दाबली तर एन्व्हलप (स्वराचा चढ-उतार) नव्याने सुरू होत नाही, स्वर एकमेकांत ओघळतात. आपल्याकडे कॉम्प्रेसर आणि फझ मिळून तेच करतात, हॅमर-ऑनचा स्वरही पिकच्या स्वराइतकाच मोठा येतो.

एक सराव देतो. पट्टी पांढरी दोन, म्हणजे तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट सा. यमनची ओळ घ्या: नि रे ग, रे सा. सगळं तिसऱ्या तारेवर. सहाव्या फ्रेटवर नि, इथे पिक, पेडल टाचेवर. तिथून नवव्यावर स्लाइड, रे. आता बोट न उचलता तार ताणून दोन अर्धस्वर वर, ग. अकराव्या फ्रेटवर बोट ठेवून ग आधी ऐका आणि मगच ताणा, कारण डिलेमध्ये बेसूर ग दोनदा-तीनदा ऐकू येतो. ग वर पोचल्यावर, आधी नाही, पेडल सावकाश पुढे. चार मात्रा धरा. मग पेडल मागे घेतच तार सोडा, रे आला, आणि सातव्यावर स्लाइड, सा. सगळ्या ओळीत पिक एकदाच. आमच्या मिरजेत सतारीवर हीच मींड एका पडद्यावर पाच सुरांपर्यंत ओढतात. गिटारवर दोन अर्धस्वरांत भागवा, पुढचं व्हॅमीसारख्या, पेडलने स्वर वर-खाली नेणाऱ्या पिच ब्लॉकवर सोडा.

सिंथवर राग काही नवे नाहीत. मुंबईच्या चरणजित सिंह यांनी १९८२ साली रोलँडची ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३ घेऊन ते रेकॉर्ड केले होते. टीबी-३०३ मध्ये स्वरावरून स्वरावर घसरण्याची सोयच आहे. ते ऐका आणि घसरण किती लांब, किती आखूड ठेवलीय तेवढंच बघा.

डिले गाण्याच्या लयीत बसवा. १०० च्या टेम्पोला डॉटेड एट्थ (पाऊण मात्रा) म्हणजे ४५० मिलिसेकंद, मिक्स २० टक्के. ट्रेल्स चालू ठेवा म्हणजे पॅच बंद केल्यावर शेपटी तुटत नाही. रिव्हर्ब घरी हेडफोनवर जितका गोड वाटतो त्याच्या निम्मा करा, मंगल कार्यालयाच्या भिंती उरलेला देतातच.

शोच्या आधी दोन गोष्टी. बऱ्याच एक्स्प्रेशन पेडलना टीआरएस केबल लागते, टोकाला दोन काळ्या रिंगा असलेली; तुमच्या पेडलला आणि प्रोसेसरला कोणती चालते ते मॅन्युअलमध्ये बघा. चुकीची केबल घातली तर पेडल नीट चालत नाही आणि दोष पॅचला जातो. आणि साउंडवाल्याला आधीच सांगा की या चॅनलला गिटारचा ईक्यू नको, सपाट ठेव, फक्त १०० हर्ट्झला लो-कट. लाइन मोनोच द्या. साउंडचेकला पेडल पूर्ण पुढे दाबून लेव्हल लावून घ्या, कारण टाचेवर लावलेली लेव्हल चवड्यावर गेलात की गायिकेच्या वर बसते.