४५४ बिग-ब्लॉक बांधताना: आधी मोजमाप, मग मशिनिंग

शेव्हरोलेटचे ४५४ घन इंचांचे बिग-ब्लॉक (मोठ्या ब्लॉकचे व्ही-८) इंजिन १९७० साली आले आणि त्याच वर्षीच्या शेव्हेल एसएस या गाडीत त्याच्या एलएस-६ या अवताराने ४५० अश्वशक्तीचा आकडा मिरवला. आज असा ब्लॉक हाती लागला की बहुतेकांचा पहिला विचार कॅमशाफ्ट आणि कार्ब्युरेटरचा असतो. मात्र इंजिन टिकणार की नाही, हे मायक्रोमीटर आणि डायल बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजणारे साधन) यांच्या टेबलावर ठरते. यापुढे ‘थाऊ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग समजावा.

इंजिन खोलताना मेन बेअरिंगच्या (ज्यात क्रँकशाफ्ट, म्हणजे क्रँक, फिरतो) आणि कनेक्टिंग रॉडच्या प्रत्येक कॅपवर क्रमांक व दिशा यांची खूण आहे का, ते पाहावे; नसल्यास खोलण्यापूर्वीच करावी, कारण या कॅपा जागेवर बसवूनच त्यांची भोके कापलेली असतात आणि अदलाबदल झाली तर गोलाई जाते. ब्लॉक रसायनात धुऊन घेतल्यावर चुंबकीय पद्धतीने तडे तपासावेत आणि सिलिंडरच्या भिंतींची जाडी ध्वनिलहरींनी मोजून घ्यावी. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४.२५० इंच असतो. तो ३० थाऊने वाढवला की इंजिन सुमारे ४६० घन इंचांचे होते आणि ६० थाऊने वाढवला की ४६७ चे. सात घन इंचांसाठी भिंत पातळ करून इंजिन तापण्याचा धोका पत्करावा, असे मला वाटत नाही. ज्या मापात सिलिंडर स्वच्छ होतो, तिथेच थांबावे.

पिस्टन हातात येईपर्यंत बोअरिंगला हात लावू नये. फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतात, त्यामुळे त्यांना भिंतीपासून जागाही जास्त लागते. ती नेमकी किती आणि पिस्टन कोणत्या उंचीवर मोजायचा, हे पिस्टनसोबतच्या कागदावर दिलेले असते, आणि प्रत्येक बोअर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाने पूर्ण करायचा असतो. होनिंग (घासदगडांनी सिलिंडरची शेवटची घासाई) करताना डेकवर, म्हणजे ब्लॉकच्या ज्या सपाट माथ्यावर हेड बसते त्यावर, टॉर्क प्लेट ही जाड पाटी बसवून घ्यावी. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडरचा वरचा भाग किंचित वाकडा होतो. प्लेटमुळे तोच ताण आधी निर्माण होतो आणि बोअर त्या ताणाखाली गोल होतो. बोल्टऐवजी स्टड वापरणार असाल किंवा एखादी मेन कॅप बदलली असेल, तर मेन बेअरिंगच्या भोकांची रेषाही तपासून गरजेप्रमाणे होन करून घ्यावी. मात्र त्यात क्रँक कॅमच्या दिशेने जास्त सरकला तर टायमिंग चेन सैल पडते.

डेकचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. स्ट्रोक ४ इंच, म्हणजे त्याचा निम्मा भाग २.०००, रॉडची लांबी ६.१३५, पिस्टनची कॉम्प्रेशन हाइट (पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतचे अंतर) १.६४५ धरली तर बेरीज ९.७८० होते. क्रँकच्या मध्यापासून डेकची उंची ९.८०० असल्याने पिस्टन २० थाऊ खालीच राहतो. त्यावर ३९ थाऊचे गास्केट आले की पिस्टन आणि हेड यांच्यात ५९ थाऊ अंतर पडते, आणि बंद चेंबरच्या (लहान ज्वलनकक्षाच्या) हेडमध्ये मिश्रण नीट घुसळले जाण्यासाठी ते फार आहे. डेक २० थाऊ कापला की अंतर ३९ वर येते, पण प्रत्येक सिलिंडरचे सुमारे पावणेपाच सीसी आकारमान कमी होऊन कॉम्प्रेशन वाढते आणि इनटेक मॅनिफोल्डच्या बसणीतही फरक पडतो. म्हणून कापण्याचा निर्णय हेडच्या चेंबरचे आकारमान प्रत्यक्ष मोजल्यावरच घ्यावा.

बॅलन्सिंगला देताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. ३९६ आणि ४२७ यांच्या उलट, मूळ ४५४ चा तोल बाहेरून साधलेला असतो, त्यामुळे क्रँक, रॉड, पिस्टन यांच्याबरोबर पुढचा डॅम्पर (क्रँकची थरथर शोषणारे चाक) आणि मागचे फ्लायव्हीलही द्यावे लागते.

मशिनिंग संपले की धुलाई. गरम पाणी, साबण आणि लांब ब्रश घेऊन प्रत्येक सिलिंडर व तेलाची प्रत्येक वाहिनी, तिचे प्लग काढून, घासावी. पाणी पुसून लगेच पांढऱ्या कापडावर तेल घेऊन बोअर पुसावा: कापडावर करडी छटा उमटली, तर होनिंगची कुरुंद अजून रेषांमध्ये आहे आणि पुन्हा साबण लावायचा आहे. माझ्या अनुभवात तिसऱ्या धुलाईआधी कापड पांढरे राहत नाही. उघड्या लोखंडावर काही मिनिटांत गंज धरतो, म्हणून तेल लावायला चहा पिऊन येतो म्हणू नये.

बेअरिंगची फट मोजताना शेल (बेअरिंगचे अर्धगोल पत्रे) बसवून कॅप पूर्ण टॉर्कने आवळावी, जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) मायक्रोमीटर लावून त्याच मापावर बोअर गेज शून्य करावा आणि सांध्यापासून काटकोनात मोजावे. जर्नलच्या प्रत्येक इंचाला साधारण एक थाऊ हे जुने प्रमाण येथेही चालते: २.७५ इंचांच्या मेनला अडीच ते तीन, २.२०० इंचांच्या रॉडला दोन ते अडीच थाऊ. चार बोल्टांच्या मेन कॅपसाठी कारखान्याचा आकडा ११० फूट-पाउंड आहे. स्टड असल्यास त्यांच्या निर्मात्याचा आकडा पाळावा. मागची कॅप आवळण्यापूर्वी क्रँक पुढे-मागे हलकेच ठोकून थ्रस्ट बेअरिंग (क्रँकची पुढे-मागे हालचाल रोखणारे) सरळ बसू द्यावे. शेवटी क्रँकची पुढे-मागे हालचाल ६ ते १० थाऊ यावी आणि तो हाताने फिरावा.

पिस्टनच्या सर्वांत वरच्या रिंगेच्या टोकांमधली फट रस्त्यावरच्या जोमदार इंजिनासाठी बोअरच्या ०.००४५ पट, म्हणजे ३० थाऊने वाढवलेल्या ४.२८० इंचांच्या बोअरला सुमारे १९ थाऊ ठेवावी. एका क्रँकपिनवर दोन रॉड येतात; त्यांची रुंद चॅम्फर केलेली (कड तिरपी कापलेली) बाजू क्रँकच्या गालाकडे हवी, नाहीतर बेअरिंगची कड गोलाईवर घासते. हेडच्या बोल्टांची भोके पाण्याच्या पोकळीत उघडतात, त्यामुळे आट्यांना सीलर लावून ते टप्प्याटप्प्याने ८० फूट-पाउंडपर्यंत आवळावेत. मी एकदा दोन बोल्टांना सीलर लावायचा विसरलो आणि पाणी आट्यांवरून चढून व्हॉल्व्ह कव्हरखाली आले.

सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवावा आणि मधूनमधून क्रँक फिरवत, सोळाही रॉकरवर तेल येईपर्यंत थांबू नये. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ अशी आहे. फ्लॅट टॅपेट कॅम (सपाट तळाच्या टॅपेटवर घासत फिरणारा) असेल तर जस्तयुक्त तेल भरून, इंजिन सुरू होताच वेग मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवर न्यावा आणि तो वर-खाली करत २० मिनिटे चालवावे. आयडलवर कॅमला उडणारे तेल पुरत नाही. दर हजार फेऱ्यांना १० पीएसआय एवढा तेलाचा दाब पुरे. त्यानंतर तेल गरम असतानाच काढून टाकावे आणि फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात उलगडून पाहाव्यात. रिंगांची बारीक चमचम चालते, पण बेअरिंगचे पापुद्रे दिसले तर ऑइल पॅन पुन्हा उतरवावा लागेल.