लक्ष्यवेधी नॅनोकणांतून कर्कपेशींत जनुक पोहोचवताना या चुका टाळा

फोलेट (एक ब-जीवनसत्त्व; ते पकडणारे ग्राही अनेक कर्कपेशींवर भरपूर असतात) जोडलेल्या नॅनोकणांतून हेलासारख्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींत प्लाझ्मिड (जनुक वाहणारे डीएनएचे कडे) पोहोचवण्याचा प्रयोग फसला, की पहिला संशय कणांच्या रसायनावर घेतला जातो; माझ्या मते तो आधी मीडियमवर, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रावणावर, घ्यावा. नेहमीच्या आरपीएमआय-1640 या मीडियममध्ये लिटरमागे 1 मिलिग्रॅम फोलिक आम्ल (फोलेटचेच एक रूप) असते, रक्तद्रवातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त, आणि पेशींवरील फोलेटचे ग्राही ते आधीच अडवून बसते. म्हणून पेशी फोलेटविरहित मीडियममध्ये काही दिवस अगोदरपासून वाढवाव्यात. त्यानंतर तबकडीच्या एका वेलमध्ये (खळग्यात) मुक्त फोलिक आम्ल मुद्दाम भरपूर घालून पाहावे: तरीही कण तितकेच आत जात असतील, तर ते ग्राहीमार्गे नव्हे, केवळ धनभारामुळे पेशीपटलाला चिकटून जात आहेत, आणि तसे ते निरोगी पेशींनाही चिकटतील.

कणांचा आकार शुद्ध पाण्यात मोजून समाधान मानू नये. क्षार आणि सीरम भेटताच अनेक कणांचे गठ्ठे होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चकाकीला यश समजणे. डीएनएला लावलेला रंग फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चकाकी मोजणाऱ्या यंत्रावर) जवळजवळ प्रत्येक पेशीत दिसतो, पण ल्युसिफरेज (पोहोचवलेल्या जनुकापासून बनणारे, प्रकाश देणारे प्रथिन) वाढत नाही, कारण कण एंडोसोममध्येच (पेशीने गिळलेल्या मालाच्या पिशवीत) अडकून पडलेले असतात. अशा वेळी थोडे क्लोरोक्विन (एंडोसोममधून सुटायला मदत करणारे औषध) देऊन पाहावे. त्याने जनुकाची अभिव्यक्ती (प्रथिन बनणे) एकदम वाढली, तर अडथळा एंडोसोममधून सुटण्यात आहे हे कळते. मात्र ते पेशींना विषारी असल्याने निदानापुरतेच वापरावे. वाढ झाली नाही, तर केंद्रकाकडे पाहावे. प्लाझ्मिडला केंद्रकात शिरण्याची मुख्य संधी पेशीविभाजनाच्या वेळी मिळते, त्यामुळे दाट भरून वाढ थांबलेल्या पेशींत उत्तम कणही निष्प्रभ ठरतात. एसआयआरएनए (जनुकाचे काम बंद पाडणारी आरएनएची छोटी साखळी) पेशीद्रवातच काम करते, म्हणून तिच्यासाठी यशस्वी ठरलेला कण प्लाझ्मिडसाठी तसाच उचलू नये.

प्राण्यांवरील प्रयोगांत ‘लक्ष्यवेधी’ या शब्दाकडून भलती अपेक्षा ठेवली जाते. कॅलटेकमधील मार्क डेव्हिस यांच्या गटाने 2007 मध्ये उंदरांवर दाखवले, की एसआयआरएनए वाहणाऱ्या कणांना ट्रान्सफेरिन (लोह वाहणारे प्रथिन, इथे लक्ष्यवेधासाठी) जोडले किंवा न जोडले, तरी गाठीत पोहोचणारे प्रमाण जवळपास सारखेच राहते. फरक पडतो तो कण पेशींच्या आत शिरण्यात. त्यामुळे संपूर्ण गाठीची सरासरी चकाकी मोजण्यावर न थांबता तिचे काप घेऊन, जनुकाचे प्रथिन कर्कपेशींत तयार झाले आहे की कण गाठीतल्या मॅक्रोफेजांनीच (बाहेरचे कण गिळणाऱ्या प्रतिकारपेशींनी) गिळले आहेत, हे तपासावे.