तीन राज्यांची एक घडी कशी बसवायची: सिल्लाच्या सिन्मुन राजाची रीत

सिल्ला, बेक्जे आणि गोगुर्यो ही कोरियातली तीन जुनी राज्यं. सिल्लापुढे बेक्जे 660 मध्ये पडलं, गोगुर्यो 668 मध्ये. मदतीला आलेल्या आणि मग हलायला तयार नसलेल्या चीनच्या तांग फौजाही 676 मध्ये कोरियातून बाहेर काढून झाल्या. 681 च्या सातव्या चांद्रमहिन्यात सिल्लाचा मुन्मु राजा वारला आणि गादी त्याच्या मुलाकडे, सिन्मुनकडे आली. मुलूख तिप्पट दिसत होता, कारभाराचा साचा मात्र आग्नेय कोपऱ्यातल्या एका जुन्या राज्याचाच होता. अशा ठिकाणी काय करायचं आणि कोणतं काम कशाच्या आधी, हे सिन्मुनच्या अकरा वर्षांत नीट वाचता येतं.

हरलेल्यांकडे वळण्याआधी जिंकलेल्यांकडे बघा. युद्धात नाव कमावलेल्या सरदारांना नवा राजा आपल्या बरोबरीचा वाटतो, धोका तिथेच असतो. सिन्मुनविरुद्ध पहिलं बंड झालं ते त्याच्या सासऱ्याचं, किम हुम-दोलचं, गादीवर बसून जेमतेम महिना झाला असताना. आठव्या महिन्याच्या 8 तारखेला हुम-दोल आणि साथीदारांना देहदंड झाला, राणीला राजवाड्याबाहेर काढलं. इथवर कोणताही राजा जातो. सिन्मुन पुढे गेला: त्याच महिन्याच्या 28 तारखेला युद्धखात्याचा प्रमुख किम गुन-ग्वान याला स्वतःचा जीव घेण्याची आज्ञा झाली, त्याच्या मुलालाही. आरोप बंडात सामील असल्याचा नव्हता. कट ठाऊक असून वेळेत कळवलं नाही, एवढाच होता. कठोर आहेच, पण कुंपणावर बसायची सोय त्या दिवशी संपली. दहाव्या महिन्यात अंगरक्षक दलाची जुनी पदं मोडून 6 सेनापती नेमले गेले.

रिकामी झालेली राणीची जागा घाईनं भरू नका. सिन्मुननं 683 पर्यंत थांबून किम हुम-उनच्या मुलीशी लग्न केलं आणि ते सगळ्या राजधानीला दिसेल असं केलं. वधूकडे गेलेल्या भेटींची नोंद आहे: कापडाचे 15 गाडे; तांदूळ, दारू, तेल, मध, सोयाचा रस, आंबवलेलं सोयाबीन, सुकवलेलं आणि मुरवलेलं मांस-मासे यांचे 135 गाडे; शिवाय भाताचे 150. एकूण 300 गाडे रस्त्यानं जाताना पाहिल्यावर गादी डळमळीत आहे असं कोण म्हणेल?

आता हरलेले. त्यांच्या सैनिकांना घरी बसवलं तर ते टोळ्या करतात, सरदारांच्या पदरी दिलं तर सरदार माजतात. सिल्लानं तिसरी वाट काढली. ‘सोदांग’ नावाच्या 9 पलटणी उभ्या राहिल्या, गळपट्टीच्या रंगावरून ओळखल्या जाणाऱ्या: 3 सिल्लाच्या लोकांच्या, 2 बेक्जेच्या, 1 गोगुर्योची, 1 उत्तरेकडच्या मालगाल टोळ्यांतल्या लोकांची आणि 2 बोदोकच्या, म्हणजे गोगुर्योतून आलेल्यांच्या छोट्या राज्याच्या. सगळ्यांची निष्ठा थेट राजाशी. नववी पलटण पूर्ण व्हायला 693 साल उजाडलं, म्हणजे सिन्मुनच्या मृत्यूनंतरचं. हे काम वर्षा-दोन वर्षांत उरकत नाही.

बोदोकचं प्रकरण मात्र फसता फसता वाचलं. गोगुर्योच्या राजघराण्यातल्या आन्सुंगला सिल्लानंच आजच्या इक्सानजवळ बोदोक हे नावापुरतं राज्य दिलं होतं. तांगशी लढताना ते उपयोगी होतं, नंतर ते पायात येऊ लागलं. 683 मध्ये आन्सुंगला राजधानीत बोलावून वरचा हुद्दा, ‘किम’ हे राजकुळाचं आडनाव, वाडा आणि सुपीक जमीन दिली. चूक इथे झाली: म्होरक्या उचलला, माणसं जागेवरच राहिली. पुढच्याच वर्षी त्याचा नातलग देमुन याच्या निमित्तानं तिथे बंड पेटलं. ते मोडल्यावर लोकांना दक्षिणेकडच्या प्रांतांत हलवलं, राज्याचा साधा जिल्हा केला आणि 686 मध्ये त्याच लोकांतून दोन पलटणी काढल्या. नेता आणि वस्ती एकाच वेळी हलवली असती तर कदाचित रक्त कमी सांडलं असतं.

जुन्या अधिकाऱ्यांना हुद्दे देताना हात आखडता राहतो आणि ते खुपतं. सिल्लाच्या 17 पायऱ्यांत बेक्जेच्या दुसऱ्या पायरीच्या माणसाला दहावी मिळाली; गोगुर्योच्या बड्यांना फार तर सातवी. जन्मावरून पायरी ठरवणारी सिल्लाची कुळव्यवस्था सिन्मुननं हलवली नाही. माझ्या मते सगळ्या बांधणीतला कच्चा सांधा हाच.

नकाशा 685 मध्ये पुरा झाला: 9 प्रांत, तिन्ही जुन्या राज्यांच्या नावे तीन-तीन. गोगुर्योचा उत्तरेकडचा मोठा भाग सिल्लाच्या हाती नव्हताच, तेव्हा ही समान वाटणी कागदावरच जास्त शोभते. खरं वजन होतं 5 उपराजधान्यांना. राजधानी ग्योंगजूहून पश्चिम टोकापर्यंत हुकूम पोचेतो परिस्थिती बदलून जायची, म्हणून आजच्या छोंगजू, नामवॉन, वोन्जू, छुंगजू आणि किम्हे इथे दुय्यम केंद्रं केली. नुसता अधिकारी पाठवून केंद्र होत नाही; नामवॉनला ठिकठिकाणची कुटुंबं आणून वसवली.

सगळ्यांत नाजूक काम जमिनीचं. सरदारांना ‘नोगुप’ म्हणून गावंच मिळत: धान्यही त्यांचं आणि गावकऱ्यांचे श्रमही. माणसं हाताशी असली की फौज उभी करायला वेळ लागत नाही. म्हणून दोन पावलं, मधे दोन वर्षं. 687 मध्ये अधिकाऱ्यांना हुद्द्याप्रमाणे जमिनी दिल्या, त्यातून फक्त धान्य घ्यायचं. ते अंगवळणी पडल्यावर 689 मध्ये नोगुप बंद आणि दरवर्षी धान्याचा तनखा सुरू. उलटा क्रम लावला असता तर पुन्हा हुम-दोल निघाला असता.

तनखा द्यायचा तर गावात काय आहे ते राजाला ठाऊक हवं. सिल्लाच्या चार गावांची नोंद जपानमध्ये नारा इथल्या शोसोइन भांडारात सापडली आहे. दर तीन वर्षांनी तपासायची ही वही: घरांचे 9 दर्जे, माणसांचे वयाप्रमाणे 6 गट, बैल, घोडे, आणि तुतीची, अक्रोडाची झाडंसुद्धा मोजलेली. ही वही जुनी झाली की तनखा थकतो, आणि थकलेला तनखा सरदारांच्या तोंडी जुनी मागणी आणतो. 757 मध्ये नोगुप परत आलं.

कारकून तयार करायला 682 मध्ये ‘गुक्हाक’ ही राजशाळा निघाली, पण वरच्या जागा कुळावरच ठरत असल्यानं तिचं फळ मर्यादितच राहिलं.

राजधानी हलवण्याचं काम शेवटी ठेवा, तरीही जमेल याची खात्री धरू नका. 689 मध्ये, नोगुप मोडलं त्याच वर्षी, सिन्मुननं राजधानी दाल्गुबोलला, म्हणजे आजच्या देगूला न्यायचं ठरवलं. इतिवृत्तात नोंद एवढीच की बेत तडीस गेला नाही. सरदारांचं उत्पन्न आणि त्यांचे वाडे एकाच वर्षी मागितले, तिथे गणित चुकलं असावं. 692 मध्ये तो वारला तेव्हा ग्योंगजूच राजधानी होती आणि गादीवर बसणारा मुलगा 687 चा जन्मलेला.