ग्रुपमध्ये टाकलं तरी ‘परमिशन डिनाइड’ येतंय? माझा अनुभव

देवगडला आमच्या आंब्याच्या शेडमध्ये एकच उबुंटूचा (लिनक्स) पीसी, माझं न् धाकट्या भावाचं लॉगिन वेगळं. पेट्यांच्या हिशोबाचं फोल्डर दोघांना चालावं म्हणून टर्मिनलवरनं (कमांड टाइप करायची खिडकी) दोघा यूजरचा ग्रुप केला, तरी मी केलेली फाइल त्याला सेव्ह होईना, ‘परमिशन डिनाइड’. फोल्डरला सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारलं, नव्या फाइलीला परत तेच. यूजरमॉडला (यूजरचे ग्रुप बदलायची कमांड) नुसता कॅपिटल जी दिला तर भाऊ सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क) ग्रुपमधनंच उडाला. ऐन हंगामात डोक्याला ताप नुसता!

चाललं ते असं. आधी सुडो ग्रुपअ‍ॅड पेटी (‘पेटी’ हे ग्रुपचं नाव). मग सुडो यूजरमॉड, डॅश, स्मॉल ए कॅपिटल जी (दोन्ही जोडून), पेटी, शेवटी यूजरचं नाव, दोघांसाठी एकेकदा. तो स्मॉल ए म्हणजे जुने ग्रुप ठेवून नवा जोडायचा, भावाचा सुडो पण असाच परत आणला. मग फोल्डरचा ग्रुप बदलायला सुडो सीएचजीआरपी डॅश कॅपिटल आर पेटी आणि फोल्डर, त्यानंतर सुडो सीएचमॉड २७७५ फोल्डर, त्यातल्या २ मुळे नव्या फाइलींना पेटी हाच ग्रुप लागतो. जुन्या फाइलींना सुडो सीएचमॉड डॅश कॅपिटल आर, जी प्लस डब्ल्यू (ग्रुपला लिहायची परवानगी), फोल्डर. यूमास्क (नव्या फाइलीला कुठली परवानगी द्यायची नाही ते ठरवणारा आकडा) ००२२ दिसला तर ०००२ करा.

आणि शेवटी दोघांनी लॉगआउट करून परत लॉगिन. मी इथेच फसलेलो, आयडी कमांडपुढे यूजरचं नाव टाकलं की नवा ग्रुप दिसतो पण नुसतं आयडी मारलं की चालू सेशनचे जुनेच.