युरोपला किती शहरं? कोल्हापूरहून निघण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात युरोपचा बेत ठरायला लागला की पहिल्या दोन दिवसांत यादीत पाच शहरं असतात. आठवडाभरात ती नऊ होतात. शेजारचे प्रागला जाऊन आलेले असतात, मेहुण्यानं ॲमस्टरडॅमचे ट्युलिप बघितलेले असतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, "एवढ्या लांब जायाचं आन रोम सोडून यायाचं व्हय?" खर्च मोठा, रजा एकदाच मिळणार, तेव्हा हा हिशेब चुकीचा वाटत नाही. पण बेत फसतो तो इथंच, कारण आपण शहरं मोजतो. मोजायच्या असतात त्या रात्री.

रजेचे दिवस म्हणजे युरोपातले दिवस नव्हेत

पंधरा दिवसांची रजा घेतली म्हणून पंधरा दिवस युरोप मिळत नाही. मुंबईकराचं विमान रात्री दोनचं असेल तर तो जेवून घरातून निघतो. आपल्याला आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस किंवा सकाळची गाडी धरावी लागते. उजळाईवाडीहून विमान मिळालं तरी मुंबईत मधे बरेच तास हाताशी ठेवावे लागतात, कारण दोन वेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही. जाताना एक दिवस, येताना दीड दिवस असा धरला की पंधरा दिवसांच्या रजेत युरोपातल्या बारा रात्री उरतात. त्यातला पहिला दिवस अर्धा झोपेत जातो. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं असतं, त्यामुळं संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतात आणि बाहेर अजून लख्ख ऊन असतं.

म्हणून बेत कागदावर मांडताना वर ‘१२ रात्री’ असं लिहा आणि मगच शहरांची नावं घाला.

यात्रा कंपनीचा कार्यक्रम उतरवून घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बारा दिवसांत आठ-दहा देश दाखवणारी पत्रकं आपल्याकडं भरपूर फिरतात. ती खोटी नसतात. पण तिथं बस हॉटेलच्या दारात येते, बॅगा दुसरं कुणीतरी चढवतं आणि मुक्काम बऱ्याचदा शहराबाहेर, हमरस्त्याला लागून असतो. लिश्टेनश्टाइनच्या फाडुझला तासभर उतरायचं, पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून घ्यायचा आणि एक देश मोजायचा. व्हॅटिकन धरला की आणखी एक. तोच कार्यक्रम आपण स्वतः रेल्वेनं करायला गेलो की बस, बॅगा आणि दारातली सोय या तिन्ही गोष्टी गायब होतात, आणि यादी मात्र तशीच राहते.

एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा खरा वेळ बघा. पॅरिस ते ॲमस्टरडॅम रेल्वेनं साधारण सव्वातीन तास. वाचायला सोपं वाटतं. पण सकाळी बॅगा आवरणं, खोली सोडणं, मेट्रोच्या जिन्यांवरून बॅगा खाली नेणं, स्टेशनवर लवकर पोचणं, उतरल्यावर ट्राम शोधणं आणि हॉटेलवर गेल्यावर "खोली तीन वाजता मिळेल" हे ऐकणं, हे सगळं धरलं की सहा तास गेले. विमानानं उडण्याचा वेळ सव्वा तासावर येतो, पण दारापासून दारापर्यंत तेवढेच सहा तास लागतात.

आता एक नेहमीची यादी घेऊ: पॅरिस २, ब्रसेल्स १, ॲमस्टरडॅम १, फ्रँकफर्ट १, ल्यूसर्न २, इन्सब्रुक १, व्हेनिस १, फ्लॉरेन्स १, रोम २. बारा रात्री, नऊ शहरं, आठ वेळा बिऱ्हाड हलवणं. आठ गुणिले सहा म्हणजे अठ्ठेचाळीस तास, आणि तेही जागेपणीचे. फिरायचा दिवस बारा तासांचा धरला तर चार दिवस नुसते बॅगांबरोबर गेले. शिवाय एका रात्रीच्या मुक्कामात धुतलेले कपडे वाळत नाहीत, मग जास्त कपडे, मोठी बॅग. आणि व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या असतात.

बाहेरगावचे पाहुणे एका दिवसात अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा आणि नृसिंहवाडी करून संध्याकाळी तांबडा-पांढरा ओरपून परत जातात, तेव्हा आपण मनात काय म्हणतो ते आठवा. पॅरिसवालाही आपल्याला बघून तेच म्हणत असणार.

किती मग?

माझ्या मते बारा रात्रींना चार मुक्काम. आई-बाबा किंवा लहान मूल बरोबर असेल तर तीन. पॅरिस, लंडन, रोम यांसारख्या मोठ्या शहराला तीन रात्रींपेक्षा कमी देऊ नयेत, कारण तीन रात्री म्हणजे हातात पूर्ण असे दोनच दिवस येतात.

बाकीची शहरं सोडायची नाहीत, त्यांचा मुक्काम सोडायचा. बॅगा हॉटेलवर ठेवून सकाळी जायचं, रात्री परत यायचं. फ्लॉरेन्सहून पिसा तासाभरावर आहे आणि व्हेनिससुद्धा दोन-सव्वादोन तासांत गाठता येतं. ब्रसेल्सहून ब्रुज तासाभरावर, गेंट त्याच्याही अलीकडं. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा तासाभरात, म्हणजे दुसरी राजधानी आणि दुसरा देश. ल्यूसर्नहून टिटलिसचा डोंगर एका दिवसात होतो. मोजायचीच हौस असेल तर शहरं तशीही मोजता येतात.

डोंगराच्या बाबतीत मात्र कंजुषी नको. स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर आहे आणि तिकीट चांगलंच महाग. ढग आले की वर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. एका रात्रीसाठी त्याच्या पायथ्याच्या इंटरलाकेनला गेलात तर मिळेल ते हवामान पदरात घ्यावं लागतं. तीन रात्री असतील तर सकाळी उठून वरच्या थेट कॅमेऱ्याचं चित्र बघता येतं आणि मोकळ्या आकाशाचा दिवस निवडता येतो.

यादी कापताना चुकीचं शहर कापणं

यादी कापायची वेळ आली की घरात ज्याचा आवाज मोठा त्याचं शहर राहतं. त्यापेक्षा प्रत्येकाला एकच गोष्ट विचारा: काय बघायचं राहिलं तर परत आल्यावर हळहळ वाटेल? शहराचं नाव सांगायचं नाही, तिथली गोष्ट सांगायची. उत्तरं वेगळीच येतात. कोल्हापूरच्या पोराला आयफेल टॉवरपेक्षा फुटबॉलचं मैदान महत्त्वाचं असू शकतं. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅच बघत वाढलेला तो. त्याला बार्सिलोना पाहिजे असतं, पण पॅरिसहून तिथं जायला गाडीत साडेसहा-सात तास जातात आणि स्वित्झर्लंड-इटलीच्या वाटेवर ते येतच नाही. मिलान मात्र येतं. ल्यूसर्नहून गोथार्डच्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यातून साडेतीन तासांच्या आत मिलान, आणि तिथं सान सिरो हे फुटबॉलचं मैदान. गोष्ट साधते, वाट मोडत नाही.

फ्लॉरेन्स हे अशा कापाकापीत नेहमी बळी जाणारं शहर. डेव्हिडचा पुतळा आणि जुना पूल बघून चार तासांत बसमध्ये परत. कोल्हापूरकरानं तरी असं करू नये. करवीरचे दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परतताना याच शहरात, ऐन विशीत वारले. ३० नोव्हेंबरला. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले आणि १८७४ मध्ये तिथं छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला. स्मारकाचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे आपल्या नव्या राजवाड्याचे वास्तुरचनाकार तेच. शेजारच्या पुलालाही ‘भारतीयाचा पूल’ याच अर्थाचं नाव आहे. हे स्मारक कॅशीने बागेच्या पश्चिम टोकाला, शहराच्या मध्यापासून काही किलोमीटरवर असल्यामुळं चार तासांच्या कार्यक्रमात ते बसूच शकत नाही. दोन रात्री राहिलात तर संध्याकाळी सहज जमतं.

जिथं उतरलो तिथूनच परत

पॅरिसला उतरायचं, रोमपर्यंत जायचं आणि परतीच्या विमानासाठी पुन्हा पॅरिस गाठायचं, यात एक दिवस आणि एक तिकीट वाया जातं. तिकीट शोधताना ‘मल्टी-सिटी’ निवडून जाताना मुंबई-पॅरिस, येताना रोम-मुंबई असं बघा. भाड्यात पुष्कळदा फारसा फरक नसतो. स्वस्त विमान कंपन्यांच्या तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा. ‘पॅरिस बोव्हे’ हे पॅरिसपासून ऐंशीएक किलोमीटरवर आहे.

रात्रीच्या गाडीनं हॉटेलचे पैसे वाचतात, हा आपला महालक्ष्मी एक्सप्रेसचा अनुभव. युरोपातही रात्रीच्या गाड्या आहेत, पण बर्थ घेतला तर तो बऱ्याचदा हॉटेलच्या भावात जातो आणि सकाळी आठला उतरल्यावर खोली दुपारीच मिळते. हौस म्हणून एकदा करा, बचत म्हणून नको.

वार न बघणं

पॅरिसचं लूव्ह्र संग्रहालय मंगळवारी बंद. ओर्से संग्रहालय आणि फ्लॉरेन्सचं उफीत्सी सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं, महिन्याचा अखेरचा रविवार सोडला, तर रविवारी बंद. १ मे ला लूव्ह्रही बंद, आणि आपल्या शाळांच्या सुट्ट्या नेमक्या मे महिन्यात. शहरात एकच दिवस असेल आणि तो मंगळवार निघाला, तर तिथं काही करता येत नाही.

यादी आधी, व्हिसा नंतर

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडं करायचा असतो. रात्री सारख्या असतील तर जिथून आधी शिरणार तो देश. पॅरिस ३, ल्यूसर्न ३, फ्लॉरेन्स ३, रोम ३ असा बेत असेल तर इटलीच्या सहा रात्री होतात, मग पॅरिसला उतरत असलात तरी अर्ज इटलीचा. म्हणून शहरं पक्की झाल्यावरच अपॉइंटमेंट घ्या. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. ‘जाता जाता लंडन’ हा तर वेगळाच मामला: ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी आणि एक अर्ज चालू असताना पासपोर्ट बहुधा तिकडं अडकलेला असतो. लंडन घ्यायचं तर चार रात्री देऊन घ्या, नाहीतर सोडा.

सगळं बुक करून झालंय?

तरी दुरुस्ती होते. आधी एका रात्रीचे मुक्काम शोधा. लागोपाठ दोन एका रात्रीचे असतील तर त्यातला एक काढा आणि ती रात्र शेजारच्या मुक्कामाला जोडा. हॉटेलचं बुकिंग फुकट रद्द करायची तारीख कधीची आहे ते बघा. स्वस्तातलं रेल्वे तिकीट बहुतेक वेळा परत होत नाही, ते गेलं समजा, पण त्या एका तिकिटापायी अख्खा दिवस घालवू नका. व्हिसा मिळाल्यावर बदल करत असाल तर एवढंच बघा की ज्या देशानं व्हिसा दिला, तिथल्या रात्री सगळ्यात जास्तच राहिल्या पाहिजेत. मधल्या एखाद्या शहरातल्या रात्री कमी करून त्याच देशात वाढवल्या तर अडचण येत नाही.